अकरा नावं, दहा माणसं

आमच्या गावच्या स्मारकावर अकरा नावं आहेत. त्यातली दहा माणसांची आहेत.

गावाचं नाव मी सांगणार नाही. डोंगरात आहे, नदीकाठी आहे, बस दिवसातून एकदाच येते, एवढं पुरे. आमच्या किर्गिझ मुलखात अशी गावं शंभर सापडतील आणि प्रत्येकात एक स्मारक सापडेल. सिमेंटचा उंच खांब, टोकावर लाल तारा, खाली यादवीत पडलेल्यांची नावं. दर वसंतात आम्ही शाळेची पोरं त्याला चंदेरी रंग फासतो, आणि पुढचा आठवडाभर सगळ्यांची नखं चंदेरी असतात. लग्न लागलं की नवरानवरी थेट तिथे येतात, फुलं ठेवतात, फोटो काढतात. त्यांची पाठ वळते न वळते तोच रोझा मावशीची शेळी ती फुलं खाऊन टाकते. या गावात एकही जोडपं असं नाही की ज्यांच्या फोटोत कडेला शेळीचं शिंग नाही.

मी सोनुन. आठवीत आहे, शाळेतल्या लाल रुमालवाल्या पायोनियर तुकडीच्या शोधक पथकाची प्रमुख आहे. गेल्या वर्षापर्यंत वर्गात उभं राहून उत्तर द्यायचं म्हटलं तरी माझे कान लाल व्हायचे. मग वसंतात जिल्ह्याच्या पाठांतर स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला आणि तेव्हापासून, माझी मैत्रीण जिपार म्हणते तसं, बाटलीचं बूच जे उडालंय ते कुणाला सापडतच नाहीये.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हेडमास्तर कालमुर्झा सरांनी मला बोलावलं.

"सोनुन, अठ्ठावीस तारखेला प्रांताची समिती येतेय. आपल्या तुकडीला अजून नाव नाही. शेजारच्या गावातल्या तुकडीला आहे, पलीकडच्या गावातल्या तुकडीला आहे. आपण काय अनाथ आहोत?"

"नाही सर."

"मग? एखाद्या वीराचं नाव हवं. पण दहा नावं संपली." सर बोटांवर मोजू लागले. "एक रस्त्याला, एक सामूहिक शेताला, एक वाचनालयाला, एक सार्वजनिक न्हाणीघराला..." दहाही बोटं संपली. "उरला एकच. करागेरोव, तो."

हे अगदी खरं होतं. यादीत सगळ्यात खाली 'करागेरोव, तो.' असं, आडनाव आणि नावाचं पहिलं अक्षर एवढंच, कोरलेलं आहे, आणि त्याचा नातू, पुतण्या, भाचा, कुणीही आजवर फुलं घेऊन आलेला नाही.

"तू त्याचं चरित्र शोधायचंस आणि समितीसमोर भाषण करायचंस."

भाषण! माझ्या कानात बँड वाजायला लागला. समितीसमोर, सगळ्या गावासमोर, ध्वनिक्षेपकावर!

"आणि नाही सापडलं," सर म्हणाले, "तर मी सरळ राजधानीच्या अभिलेखागाराला पत्र टाकतो. तिथे जुन्या वह्या आहेत, सगळं मिळेल. पण गावानेच शोधलं तर शोभा जास्त."

आता कुणी म्हणेल, करागेर हा घोड्याचा रंग, काळपट तांबडा, एवढं किर्गिझ पोरीला कळू नये? कळतं हो. पण माझ्या वर्गात एका मुलाचं नाव ट्रॅक्टर आहे. तिथे करागेरोवचं काय नवल?

मी आणि जिपार वही घेऊन घरोघर निघालो. आधी रोझा मावशीच्या सासूकडे, कारण तिचं वय ब्याऐंशी आणि तिला सगळ्यांचं सगळं माहीत असतं.

"करागेरोव?" म्हातारीने डोक्यावरच्या फडक्याचं टोक तोंडावर धरलं. "हो तर, बघितलाय ना. काय मान होती त्याची! असा चालत आला की बायका चरवी खाली ठेवून बघत राहायच्या."

मी लिहिलं: देखणा.

"स्वभाव कसा होता, आजी?"

"तापट. एकदा माझ्या दिराला चावला."

जिपारने माझ्याकडे बघितलं. मी लिहिलं: लढाऊ वृत्ती.

पुढच्या घरी आजोबा म्हणाले, "वेगात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता." आणि खोकल्याचं निमित्त करून आत गेले. आतून जे ऐकू आलं तो खोकला नव्हता. तिसऱ्या घरी तर दोन म्हाताऱ्या मैत्रिणी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसल्या, आमच्या हातात मूठ मूठ बोरसोक, तळलेल्या पिठाचे गोळे, कोंबले आणि म्हणाल्या, "आमच्याकडे काय येता गं? मुकुशकडे जा. त्याच्याइतकं त्याला कुणी ओळखत नव्हतं."

मुकुश आबा म्हणजे गावातला लाल सेनेचा शेवटचा घोडेस्वार. सत्तरी कधीच ओलांडलेली, डावा खांदा गोळीने वाकडा झालेला. सणाच्या दिवशी छातीवर पदकं लावून ते स्मारकाजवळच्या बाकावर बसतात आणि इतर दिवशी पदकांशिवाय त्याच बाकावर बसतात. लग्नात घोड्याच्या मांसाचे सॉसेज आले की ते ताट बाजूला सारतात. आम्हाला वाटायचं दातांमुळे.

जिपारला म्हशी... छे, मेंढ्या आणायला घरी जायचं होतं, म्हणून मी एकटीच गेले. (म्हशी कुठून आल्या कोण जाणे! आमच्याकडे म्हशी नसतातच. घाईत लिहिलं की माझं असं होतं.)

"आबा, मला करागेरोवबद्दल सांगा."

आबांनी खिशातून कुरुतचा एक गोळा काढला, अर्धा मला दिला, अर्धा गालात ठेवला. वाळलेलं खारट दही चघळायला वेळ लागतो, आणि त्यांना वेळच हवा होता.

"कशाला?"

मी सांगितलं. समिती, तुकडी, भाषण, आणि नाहीच सापडलं तर अभिलेखागाराला पत्र.

अभिलेखागाराचं नाव निघताच आबांचा गाल हलायचा थांबला.

"त्या वहीत सगळं आहे," ते म्हणाले. "शेपटीसकट."

"कुणाच्या शेपटीसकट?"

"करागेरच्या. माझ्या घोड्याच्या."

मी हसले. मग त्यांच्या तोंडाकडे बघून थांबले.

"आम्ही अकरा जण नदी ओलांडत होतो," आबा म्हणाले. "मी सतरा वर्षांचा. पलीकडच्या काठावर पांढऱ्यांचे, झारच्या बाजूचे, लोक दबा धरून होते. दहा जण पाण्यातच गेले. त्यांचे घोडे पोहून पार झाले, ते पांढऱ्यांनी धरून नेले. मला खांद्यात लागली. करागेरला छातीत लागली. त्याने काय करायचं होतं? मला टाकायचं होतं आणि आपला जीव वाचवायचा होता. तो उलटा फिरला. मी आयाळीला लोंबकळत होतो. त्याने मला आपल्या काठावर आणून सोडलं आणि मग खाली बसला. उठलाच नाही. दुपारी पाणी चढलं आणि त्याला घेऊन गेलं. हाडसुद्धा मिळालं नाही."

मी वही मिटली.

"मग मी पंचवीसचा असताना शहरातून एक तरुण वही घेऊन आला. त्याला आपली भाषा यथातथाच. म्हणाला, नदीवर कोण कोण मेलं? मी सांगितलं, ज्या क्रमाने पडले त्या क्रमाने. शेवटी म्हटलं, आणि माझा करागेर. तो म्हणाला, कुणाचा? म्हटलं, तोक्तोसूनच्या कळपातला. अंगाचा रंग, पायाची खूण, सगळं सांगितलं, त्याने सगळं लिहून घेतलं. दोन वर्षांनी खांब उभा राहिला तेव्हा बघतो तर करागेरोव, तो."

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? त्याने विचारलं कोण मेलं. घोडे सोडून सांगा, असं कुठे म्हणाला?" आबांनी खांबाकडे हनुवटी उडवली. "वर काय लिहिलंय वाच. 'ज्यांनी आपले प्राण दिले.' दिले नाहीत त्याने?"

"दिले," मी म्हटलं.

"गावातल्या म्हाताऱ्यांना सगळ्यांना माहीत आहे. कुणी चकार शब्द काढला नाही. पण पत्र गेलं की वही उघडणार. वही उघडली की छिन्नी घेऊन माणूस येणार. त्या दहा जणांना कबरी आहेत, पोरी, नदीच्या वळणावर. याला ही एवढी ओळच आहे." त्यांनी गोळा दुसऱ्या गालात सारला. "आणि हे तुझ्या सरांना कळलं तर ते पहिले छिन्नी आणतील. घाबरट माणूस आहे तो."

"मी भाषण करते ना," मी म्हटलं. "रंगवून सांगते. क्रांतीसाठी घरदार सोडलं, आईचा निरोप घेतला..."

"खबरदार!" आबांनी काठी आपटली. रोझा मावशीची शेळी दचकून उठली. "एक अक्षर खोटं बोलायचं नाहीस. पन्नास वर्षांत त्याच्याबद्दल या गावात कुणी खोटं बोललेलं नाही."

"पण तो घोडा होता हेही सांगायचं नाही?"

"तेही नाही."

"मग बोलू काय?"

"ते तू बघ. तुझं बूच उडालंय ना? सगळं गाव म्हणतं."

तीन आठवडे मी ते चरित्र लिहिलं आणि खोडलं. आबांच्या बाकावर बसून एकेक वाक्य वाचून दाखवायचे. "लालांच्या विचाराने भारलेला" असं लिहिलं तर आबा म्हणाले, "त्याने विचार केला की नाही मला माहीत नाही, काट." "शत्रूचा द्वेष करणारा"? "काट. त्याला फक्त गोमाशा आवडायच्या नाहीत." शेवटी दीड पान उरलं, पण ते दीड पान नदीतल्या दगडासारखं स्वच्छ होतं.

भाषणाच्या आधी कालमुर्झा सरांनी ते तपासायला घेतलं. समोर मी, शेजारी जिपार. तिला मी सगळं सांगितलं होतं आणि तिने स्वतःच्या दंडाला चिमटा काढून धरला होता.

"जन्म?" सरांनी चष्मा चढवला.

"उघड्यावर, सर. वसंतात, वरच्या कुरणात."

"डोक्यावर छप्परसुद्धा नाही! वा. शिक्षण?"

"लिहिता-वाचता येत नव्हतं."

"जुन्या राजवटीचं पाप. ठळक लिही. काम?"

"अगदी लहान वयापासून दुसऱ्यांची ओझी वाहिली."

"कष्टकरी! सोनुन, तू तर खाणच शोधून काढलीस. लग्न झालेलं?"

"नाही सर."

"मुलंबाळं?"

मी वहीत बघितलं. आबांनी सांगितलेली माहिती अशी होती की वरच्या कुरणातली निम्मी शिंगरं त्याच्यासारखी दिसायची.

"त्याबद्दल नक्की आकडा मिळत नाही, सर."

जिपार खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. तिच्या बुटांना नाडी नाहीये.

"ते गाळ," सर घाईने म्हणाले. "व्यसन?"

"आयुष्यात कधी दारूला तोंड लावलं नाही."

सरांनी चष्मा काढून पुसला. शनिवारी ते कुठे असतात ते सगळ्यांना माहीत आहे. "थोर माणूस," ते हळूच म्हणाले. "पक्षाचा सभासद?"

"नव्हता. पण लालांची बाजू एकदाही सोडली नाही."

"छान. आता तसबीर. सादिर सर, काढा एक. मिशा, टोपी, छाती पुढे."

चित्रकलेचे सादिर सर कोपऱ्यात बसले होते. मी म्हटलं, "मिशा नव्हत्या, सर. केस मात्र लांब होते, मानेवर रुळणारे."

"लांब केस चालणार नाहीत," हेडमास्तर म्हणाले. "टोपीत घाला."

"डोळे मोठे होते. काळे. पापण्या लांब."

हेडमास्तरांनी सादिर सरांना निदान डोळे तरी माझ्या सांगण्याप्रमाणे काढू दिले. तसबीर तयार झाल्यावर मी ती आबांना दाखवायला नेली. त्यांनी ती हातभर लांब धरून बघितली. "हा कुणी न्हाव्याचा मेहुणा दिसतो," ते म्हणाले. मग जरा जवळ घेतली. "पण डोळे जमलेत."

अठ्ठावीस तारखेला समिती जीपमधून आली. समिती म्हणजे एकच माणूस निघाला, साथी शारशेनोव. करडी हॅट, करडा सूट, काखेत चामड्याची बॅग. पण चालायला लागले तेव्हा मी बघितलं, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले. लहानपण खोगिरावर गेलेली माणसंच अशी चालतात. अशा माणसाला घोडा ओळखायला वेळ लागत नाही.

ध्वनिक्षेपक दोनदा कुंईं करून थांबला. सगळं गाव जमलं होतं. पुढच्या रांगेत म्हातारे-म्हाताऱ्या, फडक्यांची टोकं आधीच तोंडाशी तयार. आबा पदकं लावून बाकावर, दोन्ही हात काठीवर. मी वर चढले. कान लाल झाले नाहीत.

"त्याचा जन्म उघड्यावर झाला," मी सुरुवात केली. "त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. जे मिळेल ते त्याने खाल्लं, जे अंगावर पडेल ते वाहिलं. कधी कुणाची चहाडी केली नाही. कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही."

पहिल्या रांगेत खांदे हलत होते. रोझा मावशीच्या सासूला तर शेजारणीने धरलं होतं. साथी शारशेनोव हातातल्या वहीत काहीतरी लिहीत होते.

"त्या दिवशी नदीत दहा जण पडले. त्याला छातीत गोळी लागली. परत फिरला नसता तरी त्याला कुणी बोल लावला नसता. पण त्याच्याबरोबर सतरा वर्षांचा एक जखमी मुलगा होता. त्याने त्या मुलाला पाण्यातून बाहेर काढलं, काठावर सोडलं, आणि मग मेला. तो मुलगा आज इथे बसलाय. त्याला सात नातवंडं आहेत. एक माझ्या वर्गात आहे, गणितात नापास होतो, पण आहे."

आता पहिल्या रांगेत कुणी हसत नव्हतं. फडक्यांची टोकं तोंडावरून डोळ्यांवर गेली होती. शारशेनोव लिहायचे थांबले आणि त्यांनी हॅट काढली.

"त्याला कबर नाही. ही एक ओळ आहे. आमच्या तुकडीला त्याचं नाव द्यावं, अशी आमची विनंती आहे."

टाळ्या पडल्या. सगळ्यांनी फुलं ठेवली. मी फुलांऐवजी पहाटे कापलेल्या लसूणघासाची पेंढी ठेवली. कालमुर्झा सरांनी डोळे वटारले, पण समितीसमोर बोलणार काय?

मग चहा. टेबलावर बोरसोकांचा ढीग, जॅम, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, कुमिसचे, वाडगे. शारशेनोवनी मला खुणेने जवळ बोलावलं. त्यांची वही उघडी होती आणि पेन्सिल 'करागेरोव' या शब्दावर टेकलेली होती.

"चांगलं बोललीस, मुली. एक अक्षरही खोटं नाही?"

"नाही साहेब."

ते माझ्याकडे वाकले. त्यांच्या अंगाला करड्या सुटाच्या आत कुठेतरी खोल मेंढ्यांच्या लोकरीचा वास होता.

"पायाला पांढरं होतं का?"

मी हातातला वाडगा टेबलावर ठेवला. मी आबांकडे बघितलं. ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होते, त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं. खरंही सांगायचं नव्हतं. पण या माणसाने विचारलं होतं ते अशा आवाजात की न सांगणं हेच खोटं झालं असतं.

"होतं," मी पुटपुटले. "एका मागच्या पायाला. उजव्या."

शारशेनोवनी मान हलवली. "माझ्या वडिलांचा राखाडी होता," ते म्हणाले. "त्याच साली गेला. आमच्या गावात वही घेऊन कुणी आलंच नाही." मग ताठ बसले, वहीत काहीतरी लिहिलं, शिक्का मारला आणि मोठ्याने म्हणाले, "कालमुर्झा साहेब, नाव मंजूर! आणि हे पाहा, अभिलेखागाराला वगैरे त्रास देऊ नका. गावची साक्ष पुरेशी आहे."

जायच्या आधी ते आबांसमोर थांबले आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. जीप सुरू झाली.

मी धावत आबांकडे गेले. "आबा, वाचलं! नाव राहिलं! पण त्यांना कळलं, त्यांनी पायाचं विचारलं..."

"मग? काय सांगितलंस?"

"खरं तेच. मागच्या उजव्या पायाला पांढरं."

आबांचा चेहरा पडला. "उजव्या?"

"उजव्याच ना?"

"डाव्या!" काठी आपटली. "तीन आठवडे घोकून घेतलं तुझ्याकडून! पन्नास वर्षांत कुणी खोटं बोललं नाही आणि तू, ते पण समितीला!"

जीप पुलाकडे वळत होती. मी धावले. लाल रुमाल तोंडावर उडत होता, एक बूट चिखलात राहिला, रोझा मावशीची शेळी घास तोंडात घेऊन माझ्यापुढे पळत सुटली.

"साहेब! साथी शारशेनोव! डावा! उजवा नाही, डावा!"

जीप हळू झाली. खिडकीतून करडी हॅट बाहेर आली आणि वर हलली, दोनदा. मग पूल ओलांडून जीप गेली.

मी एका बुटावर लंगडत परत आले. कालमुर्झा सर धापा टाकत समोर आले.

"काय डावा? कसला डावा?"

"पाय, सर. करागेरोवचा."

"त्याला पायालाही लागली होती?" सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि तरी त्याने मुलाला बाहेर काढलं! हे भाषणात का नाही घातलंस?"

मी काही बोलायच्या आत आबांनी बाकावरून आवाज दिला. "ऐकू गेलं का त्याला?"

"गेलं, आबा. हॅट हलवली."

"मग ठीक आहे." त्यांनी खिशातून कुरुतचा गोळा काढला, बघितला, आणि या वेळी अख्खा माझ्या हातावर ठेवला. "बूट आण जा आधी. शेळी खाईल."